काचेकडचा सेल

वाऱ्याने तळघराचं दार धाडकन लागलं. नानांनी ते ओढायला मूठ धरली, तर मूठ उखडून त्यांच्या हातात आली. तिच्यातला लोखंडी दांडा फरशीवर खणखणला आणि कुठल्या तरी मांडणीखाली गेला.

"मूठ हातात आली," नाना म्हणाले.

"ऐकलं मी," सून म्हणाली.

लॉज सीझनभर चाले आणि उरलेलं वर्ष बंद असे; नव्या सीझनची तयारी करायला दोघं आज आली होती. मेन स्विच अजून पाडलेलाच होता, फोन वर काउंटरवर. तिचा नवरा, नानांचा मुलगा, संध्याकाळपर्यंत यायचा होता. तिने गुडघ्यांवर बसून फरशी चाचपली. हाताला फुटक्या बरणीची काच लागली, तेव्हा नानांनी तिला थांबवलं.

"उजेडाशिवाय काही करू नकोस. टॉर्चच्या खोलीत अडकलोय आपण. अडकायला याहून चांगली जागा मिळणार आहे का?"

खोली तिथे टॉर्च, हा लॉजचा नियम होता. सीझन संपला की नाना ते सगळे गोळा करून खोक्यात भरत. सेल काढून वेगळे ठेवले तर पुढच्या सीझनला शोधाशोध, आणि आतच ठेवले तर कशाचा तरी धक्का लागून बटण सरकायचं आणि टॉर्च महिनोन्‌महिने जळत राहायचा. म्हणून सेल आतच, पण काचेकडचा उलटा. मग बटण सरकलं तरी टॉर्च लागत नाही. या कामाला ते दुसऱ्या कुणाला हात लावू देत नसत.

"काचेकडचा उलटा केलेला, तो सुलटा करायचा," ते पुटपुटले. मधुमेहाने त्यांची बोटं बधिर झाली होती, पण हे काम बोटांचं नव्हतंच, सवयीचं होतं. झाकण फिरल्याचा आवाज आला, सेल मांडीवर पडले, परत आत गेले. बटण सरकलं. अंधार तसाच.

"हा गेला. दुसरा बघू."

दुसराही लागला नाही.

"आज तुझा नवरा लॉजच्या किल्ल्या मागणार," नाना तिसरा उघडत म्हणाले. "मॅनेजर ठेवतो म्हणतोय, आणि मला फ्लॅटवर नेतो म्हणतोय. सातव्या मजल्यावर बसून काय करू मी, लिफ्ट मोजू? तू बोल त्याच्याशी. तुझं ऐकतो तो."

टॉर्च का लागत नाहीत, ते सुनेच्या लक्षात आलं होतं.

गेल्या सीझनच्या शेवटी ती एकटीच खाली आली होती. सहज एका टॉर्चचं मागचं झाकण उघडलं, तर झाकणाकडचा सेल सुलटा. एक सेल उलटा असतो एवढंच तिला माहीत होतं; नाना विसरले, असं तिला वाटलं. त्यांना वाईट वाटू नये म्हणून तिने गुपचूप सगळ्या टॉर्चचे मागचे सेल उलटे करून ठेवले. काचेकडचा सेल आतच राहिला, तो तिने पाहिलाच नाही. म्हणजे आता दोन्ही उलटे होते, आणि दोन्ही उलटे असले की हे जुने बल्बचे टॉर्च बिनतक्रार लागतात. नाना त्यांतला एक सुलटा करून त्यांना बंद पाडत होते.

तिसरा लागला नाही. चौथाही नाही.

"नवे सेल मीच घातले होते," नाना म्हणाले. मग आवाज उतरला. "घातले होते ना गं?"

"घातले होते."

"का नुसतं घालायचं ठरवलं होतं?" त्यांचा श्वास मोठ्याने ऐकू येऊ लागला. "सेल घालताना मी मला दिसतोय... नाही, दिसत नाहीये. तो म्हणतो ते खरं असेल का गं? माणसाला स्वतःला कळत नसेल."

गप्प राहिली असती तर ती त्यांच्या नजरेत चांगली राहिली असती.

"नाना, पुढचा घ्या. उघडू नका. नुसतं बटण सरकवा."

"तो लागणार नाही. उलटा आहे आत."

"सरकवा तर खरं."

उजेड पडला. नानांनी हातातल्या टॉर्चकडे एकटक पाहिलं आणि मागचं झाकण उघडलं. पुन्हा अंधार. मागच्या सेलचं टोक त्यांनी ओठाला लावून पाहिलं. ओठांना अजून कळत होतं.

"तू केलंस हे."

"मला वाटलं तुम्ही विसरलात."

"मला विचारायचंस."

"हो."

"त्याला सांगितलंस?"

"सांगितलं. गाडीत, घरी जाताना. त्यानंतरच त्याने मॅनेजरचं काढलं."

झाकण फिरलं, उजेड आला. तो थेट फरशीवर पडला. तिच्या तोंडावर त्यांनी पडू दिला नाही. दांडा भिंतीकडच्या मांडणीच्या पायाशी होता. तिने तो भोकात बसवला, पिळला, आणि दार कुरकुरत उघडलं. वर गाडी थांबल्याचा आवाज आला.

"मी सांगते त्याला," ती म्हणाली. "आत्ताच सांगते. चला."

"मी नाही येत. मी समोर असलो की तुला माझी दया येईल, आणि त्याला ती दिसेल." ते खोक्यापाशी बसले. "मला हे सगळे सरळ करायचेत. तुझ्या वाटणीचे पण."

जिना अरुंद होता. ती अर्ध्यावर पोचली तोच नवरा वरून उतरू लागला.

"नाना खाली आहेत का? किल्ल्या घ्यायच्यात."

"आहेत," ती म्हणाली, आणि बाजूला झाली नाही.