सोमीताईच्या हाताची चव

बारा दिवसांत मी एकशे चाळीस काचा वाया घालवल्या. एकूण एक धुरकट.

सोमीताईने याच कृतीने, याच यंत्रावर बनवलेल्या सौर सेलने पडलेल्या उन्हाच्या पंचवीस पूर्णांक चार टक्के वीज दिली होती. दक्षिण कोरियातल्या देजॉनमधल्या आमच्या प्रयोगशाळेचा तो विक्रम. पीएचडी घेऊन ताई बॅटरीच्या कंपनीत गेली, आणि इकडे तिचा शोधनिबंध तपासणाऱ्यांनी ताजे नमुने मागितले. ते करायचे मी, दानबीने. शुक्रवारपर्यंत जमलं नाही तर प्रयोगशाळेचे प्रमुख र्यू सर निबंध मागे घेणार होते. तो मागे गेला की लोक म्हणणार, पोरीने आकडे रंगवले. जेवणाच्या सुट्टीत कुजबुज सुरू झालीच होती, आणि ती ऐकून मी डबा अर्धा टाकून उठायचे.

 पूर्वी प्रत्येक पार्टीत "सोमीच्या हाताला चव आहे" म्हणून ग्लास उंचावणारे सर आता तिचं नावसुद्धा टाळायचे.

हाताची गोष्ट अशी. काचेवर पिवळं द्रावण टाकायचं, काच गरगर फिरवायची, आणि बरोबर विसाव्या सेकंदाला वरून इथरची धार सोडायची. मग तापल्या पत्र्यावर ठेवली की पिवळ्याचा काळा आरसा व्हायला हवा. स्फटिक घाईने वाढले तर थराला भोकं पडतात. ती घाई मोडायला द्रावणात क्लोराइडची पांढरी पूड घालतात. ती स्फटिकांना जरा थोपवून धरते आणि पत्र्यावर उडून जाते. जास्त झाली तर मात्र जाताना तीच थराची वाट लावते.

बुधवारी सोमीताई दोन दिवसांची रजा टाकून, किंबापचे, म्हणजे शेवाळाच्या पानात गुंडाळलेल्या भाताचे, डबे घेऊन आली.

"तोंड बघ कसं झालंय. आधी खा."

"ताई, मला नाही जमत. तुझा हातच वेगळा होता."

"हात गेला खड्ड्यात. माझी पुडीची बाटली कुठाय?"

"संपली ना, गेल्या महिन्यात. शेवटचा कण खरवडून वापरला, शपथ."

आपल्या आधीच्या ज्येष्ठ विद्यार्थ्याची बाटली संपेपर्यंत नवी फोडायची नाही, हा आमच्याकडचा शिरस्ता. ताईलाही ती तिच्या ज्येष्ठाकडून मिळाली होती. पाच वर्षं तिचं झाकण उघडत-लागत होतं.

"खरवडून? म्हणजे तेव्हाही गोळेच होते?"

"होते की. ओल लागलेल्या मिठासारखे. मला वाटलं, तुला तशीच आवडते."

"मला वाटलं, माझ्या ज्येष्ठांना तशीच आवडते," ताई म्हणाली.

दोघींच्या एकदमच लक्षात आलं. ही पूड हवेतलं पाणी पिते, हे आम्हाला पहिल्या वर्षापासून पाठ. कृतीप्रमाणे त्या बाटलीतून तोललेल्या चाळीस मिलिग्रॅममध्ये पूड किती आणि पाणी किती, कोण जाणे. नव्या बाटलीत मात्र चाळीसच्या चाळीस पूड. कृतीशी इमान राखून मी रोज जास्त घालत होते. मी नवी बाटली ओढली आणि तराजू शून्यावर आणला.

छत्तीस घातली: धुरकट. बत्तीस: जरा बरी. अठ्ठावीसची काच पत्र्यावर ठेवली आणि ती कडेपासून काळी होत गेली, लख्ख, एक डाग नाही. मी हातमोज्यांसकट टाळ्या पिटल्या. आनंदाने मला रडूच आलं.

ताई हसत होती, पण खुर्चीत बसून.

"म्हणजे माझ्या हातात काहीच नव्हतं गं. बाटलीच होती."

"सरांना बाटलीचं सांगायलाच हवं का? जमलं एवढं सांगू."

"वेडी आहेस का? पुढची पोरगी मग किती काचा फोडेल?"

सर आले. सगळं ऐकून त्यांनी काच उजेडात धरली. "तू शेजारी उभी होतीस, सोमी. तूच धार सोडली असशील."

माझा पारा चढला, पण ताई शांत होती. "मग तुम्हीच करा, सर. आम्ही दोघी दाराशी उभ्या राहतो."

सरांनी नऊ वर्षांत यंत्राला हात लावला नव्हता. त्यांनी बाह्या वर केल्या आणि विसाव्या सेकंदाची धार चोविसाव्याला सोडली. उशीर झाला, असं मला वाटलं. पण पुडीचं कामच ते: उशीर पोटात घालणं. काच काळी झाली.

दुसऱ्या दिवशी दुपारी सेल तयार करून मोजल्या. माझी पंचवीस पूर्णांक सहा. सरांची पंचवीस पूर्णांक एक.

सरांनी आकडा दोनदा वाचला. अख्खी प्रयोगशाळा बघत होती. मग ते सोमीताईसमोर आले आणि कमरेत पूर्ण वाकले.

"चुकलो मी," ते म्हणाले, आणि ताईने खांद्याला धरून उठवेपर्यंत तसेच राहिले.