बाईंची खुर्ची

मित्रांनो, चर्चच्या दारातून आत आलात की उजव्या हाताला जिना लागतो. त्या जिन्याखाली उभी असलेली जुनी व्हीलचेअर म्हणजे मी. माझा डावा हात लुळा आहे आणि पुढचं छोटं चाक वळताना कुरकुरतं. वय झालंय, काय करणार?

कारखान्यात बनले, हॉस्पिटलात राबले आणि सीट फाटल्यावर भंगारात जमा झाले. तिथून मला उचललं ते नर्सबाईंनी. त्या त्याच हॉस्पिटलातून निवृत्त झाल्या होत्या. निरोपाच्या दिवशी लोक भेटवस्तू घेऊन घरी जातात, ह्या बाई मला ढकलत निघाल्या. त्यांनी स्वतः जाड कापडाची सीट शिवली, चाकांना तेल दिलं आणि मला या जिन्याखाली आणून ठेवलं. नियम एकच. विचारायचं नाही, ज्याला हवी त्यानं खुशाल न्यायची. ना वही, ना सही. कुणी विचारलंच, "बाई, हरवली तर?" तर त्या म्हणायच्या, "म्हणजे कुणीतरी तिच्यावर बसलं असेल ना? मग झालं तर!"

आमच्या चर्चच्या मागच्या गल्ल्या इतक्या अरुंद आहेत की गाडी आत शिरतच नाही. तिथल्या आजाऱ्यांना मीच आधार. पाय मोडलेला पोस्टमन माझ्यावर बसला, नुकतीच बाळंत झालेली रंगाऱ्याची बायको बाळासकट बसली, चर्चच्या कारभारीकाकांचे वडील तर शेवटचं वर्षभर माझ्यावरच असायचे. बाई बहुतेक वेळा स्वतःच ढकलायच्या. येशूबद्दल त्या फार बोलत नसत. "प्रभूनं हात दिलेत ते खिशात घालायला नाही," एवढंच म्हणायच्या. त्यांचं कौतुक केलेलं त्यांना खपत नसे. माझं मात्र त्या करायच्या, आणि मी मनातल्या मनात फुगायचे.

मग चार दिवसांच्या तापाचं निमित्त झालं आणि बाई गेल्या. सगळ्यांत जास्त रडले ते कारभारीकाका. चर्चच्या किल्ल्या, डागडुजी, सगळं तेच बघतात. बाईंची आठवण जपायला हवी, असं त्यांनी मनावर घेतलं. त्यांनी मला नवा रंग दिला, मखमलीची गादी घातली, पितळेची पाटी ठोकली आणि मला वेदीजवळ उभं करून पुढे साखळी लावली. लोक माझ्यापुढे फुलं ठेवायचे, डोळे पुसायचे. खरं सांगते, पहिले काही दिवस मला बरं वाटलं. नंतर मात्र अंग आखडायला लागलं. माझ्यावर कुणी बसतच नव्हतं.

बेकरीच्या मागच्या गल्लीत एक शिवणवाली मावशी राहते. अर्धांगवायूच्या झटक्यानं तिचं चालणं बंद झालंय. तिची धाकटी बहीण हॉस्पिटलात अखेरच्या घटका मोजत होती. दोघींनी जन्मभर एकत्र काम केलं होतं. थोरली मशीन चालवायची, धाकटी काजं-बटणं करायची. आता धाकटी सारखी "ताई कुठाय?" म्हणून विचारत होती. हॉस्पिटल जेमतेम दहा मिनिटांवर होतं.

शुक्रवारी दुपारी मावशीची सून चर्चमध्ये आली. काका फरशी पुसत होते.

"काका, ही खुर्ची तासाभरासाठी नेऊ का? सासूबाईंना त्यांच्या बहिणीला भेटायचंय हो."

काकांचा हात थांबला. "अगं पोरी, ही आता वापरायची नाही. बाईंची आठवण आहे ती. काही मोडलं-बिडलं तर? हॉस्पिटलात विचार ना."

"त्यांच्या खुर्च्या फाटकाबाहेर देत नाहीत. घरात दुसरं कुणी नाही काका, हे पण परगावी आहेत."

"पाळकसाहेब रविवारी उपासनेला येतील. त्यांच्या कानावर घालतो. दोन दिवसांचा तर प्रश्न आहे."

सून रिकाम्या हातांनी परत गेली. मित्रांनो, मला तोंड असतं तर मी ओरडले असते. साखळी केवढीशी होती! पण मी पडले निर्जीव. ढकलल्याशिवाय मला हलता येत नाही.

शनिवारी दुपारी बेकरीतल्या दोघांना सुट्टी मिळाली. त्यांनी मावशीला स्वयंपाकघरातल्या खुर्चीवर बसवून, मध्ये मध्ये टेकवत, हॉस्पिटलात नेलं. ती पोचली तेव्हा बहिणीच्या खाटेवर नवी चादर घातलेली होती.

रविवारी शवपेटी चर्चमध्ये आणली. मावशीला त्याच घरच्या खुर्चीवरून आणून माझ्या शेजारी ठेवलं. तिनं साखळीवरून हात घालून माझा लुळा हात धरला. "बाई असत्या, तर मला नेलं असतं हो त्यांनी," ती म्हणाली. ती रागानं बोलली नाही. काका मागेच उभे होते. ते लहान पोरासारखे रडायला लागले. त्यांनी साखळी काढली, गादी फेकून दिली आणि मावशीला उचलून माझ्यावर बसवलं. उभ्या उभ्या माझ्या दोन्ही चाकांतली हवा गेली होती. काका घामाघूम होत मला ढकलत राहिले. शेवटी मी मावशीला तिच्या बहिणीपाशी नेलं, पण कबरीच्या कडेपर्यंतच.

आता मी परत जिन्याखाली असते. पाटी काढलीय, तिची भोकं तेवढी राहिलीत. काका आठवड्यातून दोनदा मावशीच्या दारात मला घेऊन जातात. "ताई, जरा बाहेर फिरवून आणू?" असं विचारतात. मावशी मान हलवते. "आता कुणाकडे जायचंय?" म्हणते. मग आम्ही दोघं रिकामेच परत येतो.

मित्रांनो, तुमचं एखादं मायेचं माणूस गेलं तर त्याच्या वस्तू जरूर सांभाळा, पण त्यांना कामाला लावून सांभाळा. आणि कुणी दारात येऊन काही मागितलं, तर त्याला रविवारपर्यंत थांबवू नका. तेव्हाच उठा आणि द्या.