वाढत्या मापाचा ड्रायसूट

मित्रांनो, मी एक जुना ड्रायसूट आहे आणि सध्या उज्जैनच्या माधव नगरात एका कपाटावर घडी होऊन पडलो आहे. इथे येणारा प्रत्येक पाहुणा मला निरखतो आणि डोकं खातो. कोणी मला रेनकोट म्हणतं. शेजारच्या काकूंनी तर स्कूटर झाकायला मला मागितलं होतं! म्हणून एकदाच सांगतो. बर्फासारख्या थंड समुद्रात बुडी मारणारे लोक मला घालतात. मानेला आणि मनगटांना रबराची घट्ट पट्टी असते, आत हवा असते. पाण्याला आत येऊ द्यायचं नाही, एवढंच माझं काम. पण त्यासाठी मला अंगाबरोबर बसावं लागतं, आणि सगळं रामायण इथेच घडलं.

माझा जन्म दूर उत्तरेकडच्या एका बंदरातला. तिथल्या एका ताडमाड पाणबुड्याचं माप घेऊन मला बेतलं होतं. त्याच्याबरोबर मी काळ्याभोर पाण्यात उतरलो, जहाजांच्या तळाला घासलो, एका वादळात तर दोघेही मरता मरता वाचलो. तो मला गोड्या पाण्याने धुवायचा, सावलीत वाळवायचा आणि पाठीवर थाप मारायचा. काय दिवस होते ते! पुढे त्याचं पोट सुटलं आणि मी त्याला होईनासा झालो. दोष पोटाचा, पण विकला गेलो मी. हात बदलत बदलत मुंबईच्या एका दुकानदाराकडे आलो आणि तिथून उज्जैनला.

इथे निहारिका राहते. तिला नॉर्वेच्या किनाऱ्यावर समुद्री वनस्पतींचा अभ्यास करण्याची नोकरी मिळाली होती. ड्रायसूट मात्र स्वतःचा आणायचा होता. नवा परवडेना, म्हणून दुकानदाराने दोन जुने सूट पाठवले, पसंत पडेल तो ठेवा म्हणाला. एक मी. दुसरा एक लहानखुरा लाल सूट, उजव्या गुडघ्यावर ठिगळ लावलेला.

निहारिकेने लाल सूट घातला, उठली, बसली, हात वर करून पाहिले. "हाच," ती म्हणाली. झालं, विषय संपायला हवा होता. पण विषय संपू देईल तर ते घर कसलं!

"ठिगळाचा?" तिची मंगलाआत्या कडाडली. "अगं, मुलीला परदेशी पाठवतोय आपण. ठिगळ लावून? लोक काय म्हणतील, हिच्या घरी कोणी आहे की नाही?"

"आत्या, हा काही फंक्शनला घालायचा ड्रेस नाहीये."

तिचे वडील मधुकरराव मला उलटसुलट करून पाहत होते. बँकेतून निवृत्त झालेले, शांत गृहस्थ. मुलीच्या शाळेचा गणवेशही त्यांनी नेहमी दोन बोटं मोठाच शिवून घेतलेला. "हा बघ निहू. मजबूत आहे. थोडा ढीला आहे, पण तिथे सर्दी किती असते! आतून दोन स्वेटर आरामात येतील."

"बाबा, ढीला चालत नाही. आतली हवा पायांत जाते, माणूस उलटा होतो."

"अगं, काहीतरीच! हवेने कोणी उलटं होतं का?"

मी ओरडून सांगत होतो की होतं, होतं! मी स्वतः पाहिलंय! पण कपाळकरंट्याचं कोण ऐकतं? आणि ज्या पोरीला सगळं ठाऊक होतं, तिने वडिलांच्या डोळ्यांतली काळजी पाहिली आणि मान खाली घातली. मला त्या दोघांचाही राग आला. जो घालणार त्याला सोडून बाकी सगळ्यांनी मला पसंत केलं होतं. आत्याने मला हळदकुंकू लावलं, तेही नेमकं मानेच्या रबरावर!

निघण्यापूर्वी एकदा पाण्यात घालून बघायचं ठरलं. नानाखेड्याजवळच्या तरणतलावावर शैलेंद्र नावाचे प्रशिक्षक होते, त्यांनी हवेचा सिलिंडर आणला. वरात निघावी तसं सगळं घर निघालं; निहारिकेने लाल सूटही पिशवीत टाकला. निहारिकेच्या अंगावर दोन स्वेटर, त्यावर मी. माझा गळा तिच्या मानेभोवती विहिरीसारखा उघडा. ते आत्याने पाहिलं. "गळा असा उघडा ठेवतात का गं? ठंडी तिथूनच लागते." आणि तिने काय करावं? मफलर काढून निहारिकेच्या मानेला गुंडाळला आणि त्याची टोकं माझ्या आत खोचली!

मित्रांनो, मी आयुष्यात वादळं पाहिली, पण ड्रायसूटमध्ये मफलर पाहिला नव्हता.

"आत्या, काढ तो," निहारिका म्हणाली.

"राहू दे गं, मोठ्यांचं ऐकावं."

शैलेंद्रसरांनीही नको म्हणून हात हलवला, पण आत्यापुढे त्यांचं काय चालणार? निहारिका वैतागून तशीच पाण्यात उतरली, थोडी हवा भरली आणि पुढे वाकली. सगळी हवा सळसळत माझ्या पायांत गेली. मी फुगलो आणि तिचे पाय वर, डोकं खाली झालं. तिची पावलं माझ्या पायांना जोडलेल्या मोठ्या बुटांतून निसटली, त्यामुळे तिला पाय मारता येईनात. मफलरवाटे पाणी आत शिरलं. ती माझ्या आत धडपडत होती आणि मी, तिला जपायचं ज्याचं काम, तोच तिला बुडवत होतो. तेवढा असहाय मी कधीच झालो नव्हतो.

शैलेंद्रसरांनी सूर मारून तिला सरळ केलं. ती काठाला धरून खोकत राहिली. मधुकरराव चष्म्यासकट, चपलांसकट छातीभर पाण्यात उभे होते. त्यांना पोहता येत नव्हतं.

"बाबा, इथे सर होते," श्वास सावरल्यावर ती म्हणाली. "तिथे खाली मी एकटी असेन. तुमची काळजी कळते मला. पण हा घालून गेले ना, तर मी परत येणार नाही."

आत्या ओला मफलर पिळत बसली. मधुकरराव पाणी निथळत पिशवीपाशी गेले. त्यांनी लाल सूट काढला आणि गुडघ्यावरचं ठिगळ अंगठ्याने दाबून पाहिलं.

"हे पक्कं आहे ना गं?" त्यांनी विचारलं. सांगितलं नाही, विचारलं. मला पाहिल्यापासून पहिल्यांदा.

"सगळ्या सूटमध्ये तीच जागा सगळ्यात पक्की आहे, बाबा."

अशा सूटची चेन पाठीवर असते, ती दुसऱ्यानेच लावावी लागते. मधुकररावांनी ती सावकाश, नीट लावली. त्या दिवशी निहारिका पाण्याखाली माशासारखी फिरली, आणि वर आली तेव्हा आतून कोरडी होती.

ती गेली. मला परत पाठवायचं राहूनच गेलं, कुंकवाचा डाग पडलेला सूट कोण परत घेणार? आत्या मला उन्हात वाळवते आणि डांबराच्या गोळ्या घालते. दोन्हींनी रबर तडकतं, बाई! कोणीतरी सांगा तिला. माझी तक्रार संपणारी नाही. पण लाल सूटचा मला हेवा वाटत नाही, खरंच नाही. मित्रांनो, आपल्या माणसासाठी काही घ्याल तेव्हा आपल्या काळजीच्या मापाचं घेऊ नका. आधी त्याला विचारा. निहारिका दर रविवारी फोन करते, आणि तिचा आवाज ऐकला की मला नाकारलं गेल्याचा फार आनंद होतो.