खोच्या आधी

चैतालीनं वॉकर बाजूला ढकलला, खाटेच्या कडेला सरकून पायांचे दोन्ही तळवे फरशीवर टेकवले.

"सर, मागं या. खो द्या."

शिवप्पा सरांनी केळ्यांची पिशवी खाली ठेवली. "येडी का तू? उठलीस आन् आतली पट्टी सरकली म्हंजी?"

"उठत न्हाय. उजवा पंजा हलतोय का, तेवढंच बघायचंय."

खो-खोचा सामना खेळून सोलापूरला परतताना अक्कलकोट रस्त्यावर टेम्पोनं तिची स्कूटी उडवली, त्याला आठ आठवडे झाले होते. ओटीपोटाचं हाड दोन जागी तुटलं. पुढून पट्टी, मागून दोन लांब स्क्रू. हाड जुळत आलं होतं. पण पायाकडं जाणारी नस चेपली होती आणि उजवा पंजा ओल्या फडक्यासारखा लोंबत होता. व्यायाम घ्यायला येणारी बाई रोज कागदावर लिहायची:

डावा पंजा: उचलते.
उजवा पंजा: —

सव्वीस दिवस. सव्वीस रेघा. मंगळवारी डॉक्टर शेवटचं सांगणार होते. मैदान, की काठी.

"मी सांगून ऐकत न्हाय त्यो," चैताली म्हणाली. "पण खो पडला की पाय मला इचारत न्हाईत. तुमीच शिकवलंय. डोळं मिटते. मन मधी यायला नको."

"द्या की सर," तिची आई गोजरबाई दारातून म्हणाली. "माज्या हाकंला तासभर उठत न्हाय ती. तुमच्या खोला उठती."

कुणी हसलं नाही.

सर वळसा घालून खाटेमागं गेले. गोजरबाई खाली बसली आणि तिनं उजव्या पंजाजवळ तोंड नेलं. पाठीवर हात पडला.

खो.

डावी टाच उडाली. खांदे पुढं झेपावले. उजवा पंजा

होता तिथंच होता.

गोजरबाईनं पदराचा बोळा तोंडात धरला.

"दिसलं का?" चैतालीनं मिटल्या डोळ्यांनी विचारलं.

सर मैदानावरच्या करड्या आवाजात म्हणाले, "फाऊल. खोच्या आधी हललीस. ह्यो खो धरत न्हाय."

दहा वर्षांत हा फाऊल तिच्यावर एकदाही लागला नव्हता. पाठीवरचा हात अजून तिथंच होता.

तिनं डोळे उघडले नाहीत.

"व्हय सर," ती म्हणाली. "गडबड झाली माजी."

आणि पाय पुन्हा जागेवर मांडले. डावा आपला आपण. उजवा हातानं उचलून.