आधी पोरीवर बघू

दूध नासलंय की नाही, हे धायरीच्या त्या घरात शालू चाखून सांगायची. रोज सकाळी पातेलं गॅसवर ठेवण्याआधी सासूबाई, म्हणजे तुळजाबाई, चमचाभर दूध तिच्यापुढं धरायच्या. शालूनं तोंड वाकडं केलं नाही, तरच ते घरातल्या पुरुषांच्या चहात पडायचं. नवीन गिझर बसवला, तेव्हाही पहिली अंघोळ शालूचीच. "करंटबिरंट बसतोय का बघ आधी, मग संपतला पाठवते," असं तुळजाबाई अगदी मायेनं म्हणाल्या होत्या. माया अर्थात संपतवरची. या रीतीत कुणाला काही वावगं वाटत नसे, आणि खरं सांगायचं तर शालूलाही वाटत नसे. तिच्या माहेरी हेच काम तिच्या आईकडं होतं.

घर काही अडाणी किंवा गरीब नव्हतं बरं का! सासरे हिंदुराव यांनी शेताच्या तुकड्यावर तीन मजली इमारत उठवली होती. वरचे मजले भाड्यानं, खाली स्वतः. मुलगा संपत खराडीला मोठ्या कंपनीत नोकरीला. दारात गाडी, हॉलमध्ये भिंतभर टीव्ही. लग्नानंतर सहा वर्षांनी शालूला जुळं झालं, एक मुलगा आणि एक मुलगी. मुलाला हिंदुरावांच्या वडिलांचं नाव दिलं, बजरंग. बारशाला मांडव घातला, पेढे वाटले. मुलीचं नाव ठरवायचं राहूनच गेलं. महिन्याभरानं शालूनंच तिला मुक्ता म्हणायला सुरुवात केली.

तिसऱ्या महिन्यात शालू दोघांना पायांवर घेऊन तेल लावत होती. शेजारच्या सोजरबाई बघत बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, "शालू, लेकरं पाय कशी झाडंनात गं?"  शालू आठ दिवस हेच बघत होती आणि कुणाला सांगत नव्हती. मान धरत नव्हती, पाय कापडासारखे लोळत होते. रडणंसुद्धा बारीक झालं होतं.

शहरातल्या एका मोठ्या इस्पितळात रक्त तपासलं. डॉक्टर वासंती पेंडसे या जुन्या पुण्यातल्या, साठीला आलेल्या बाई. गोड बोलायची सवय त्यांना नव्हती, पण मुलाला हात लावायच्या तेव्हा आधी स्वतःचा हात चोळून ऊब आणायच्या. त्यांनी संपत, शालू आणि तुळजाबाई या तिघांना समोर बसवलं.

"दोघांना एकच आजार आहे. पाठीच्या कण्यातल्या ज्या पेशी स्नायूंना हलवतात, त्या मरत चालल्यात. आधी हातपाय जातात, मग गिळणं, मग श्वास. औषध नाही दिलं तर दोन वर्षं काढणं अवघड. बिघडलेलं एक जनुक आईकडून आलंय आणि एक वडिलांकडून."

"आईकडून," तुळजाबाई म्हणाल्या.

"वडिलांकडूनही, आजी. मी दोन्ही म्हणाले."

मग बाईंनी औषध समजावून सांगितलं. इस्पितळात एक चाचणी सुरू होती. त्यात दोन जागा होत्या, पैसा लागणार नव्हता. एक विषाणू घेतलेला, त्याच्या पोटातलं त्याचं स्वतःचं सगळं काढून टाकलेलं आणि त्याजागी चांगलं जनुक भरलेलं. सलाईनमधून एकदाच द्यायचं. पेशीत शिरायचं कसब विषाणूचं, काम आपलं.

तुळजाबाईंनी पदर तोंडाला लावला. "अगं बया! म्हंजी करोनावानी? लेकराच्या अंगात आपल्या हातानं घालायचा?"

"पाकीट विषाणूचं आहे. आतला कागद आम्ही बदललाय," बाई म्हणाल्या. "धोका शून्य आहे असं मी म्हणणार नाही. यकृतावर ताण येतो, म्हणून औषधं देऊन आम्ही लक्ष ठेवतो. पण न देण्यातला धोका मी आत्ताच सांगितला. आता नीट ऐका. दोघांना एकाच दिवशी द्यायचं. एकाला दिलं की काही आठवडे त्याच्या शी-शूतून हा विषाणू थोडाथोडा बाहेर पडतो. त्यानं कुणी आजारी पडत नाही. पण दुसऱ्या बाळाच्या अंगानं त्याला एकदा ओळखलं, की मग ते त्याला दारातच अडवतं. मग औषध देऊन उपयोग नाही, उलट जीवावर बेतेल. कळलं?"

तिघांनीही माना डोलावल्या.

घरी आल्यावर हिंदुराव, तुळजाबाई आणि संपत यांची बैठक बसली. शालू चहा घेऊन आली, तेव्हा निर्णय झालेला होता. तुळजाबाई बजरंगला छातीशी धरून म्हणाल्या, "आधी पोरीवर बघू. दोन म्हैनं बघू. काय इपरीत झालं, तर निदान वंशाचा दिवा तरी राहील. आणि गुण आला तर हाय की आपला बजरंग, लगीच देऊ."

"डॉक्टर म्हणाल्या एकाच दिवशी द्या," शालू म्हणाली.

"डॉक्टरला काय जातंय? तिचा नातू हाय व्हय?"

खोटं कशाला सांगायचं? त्या क्षणी शालूलाही थोडं बरं वाटलं. मुक्ताला औषध मिळणार म्हणून नव्हे. बजरंगवर आत्ताच जोखीम येणार नाही म्हणून. ते बरं वाटणं तिनं पटकन गिळलं. ट्रे उचलला आणि ती आत गेली.

दुसऱ्या दिवशी इस्पितळात संपतनं संमतीचा एकच कागद सही करून पुढं सरकवला. पेंडसेबाईंनी दुसरा कोरा कागद उलटून पाहिला आणि चष्मा काढला.

"वा! प्रयोगाला उंदीर शोधायला घराबाहेरही जावं लागलं नाही तुम्हाला. चांगली सोय आहे."

संपत ओशाळला, पण कागद काही त्यानं उचलला नाही. बाईंनी तासभर समजावलं, रागावून पाहिलं. संपत "घरचे म्हणतात" यापुढं जाईना. शेवटी बाई शालूकडं वळल्या. "तुमचं काय म्हणणं आहे?" शालूनं नवऱ्याकडं पाहिलं आणि मुक्ताच्या कागदावर त्याच्या सहीखाली आपली सही केली.

"ठीक आहे. मुलीला तरी देते, तिचा वेळ मी का घालवू? पण मग दोघांना दोन घरी ठेवा, निदान सहा आठवडे. ते जमणारच नसेल, तर मुलीला फक्त डायपर. वापरला की पिशवीत बांधून टाकायचा. कपड्याचा लंगोट अजिबात नाही. हातात मोजे, आणि मुलाला हात लावण्याआधी साबण." हे सगळं त्यांनी कागदावर मराठीत लिहून दिलं. बाहेर बाकावर बसलेल्या तुळजाबाईंना पुन्हा तोंडी सांगितलं.

मुक्ताला औषध दिलं. ती चार दिवस तापली, ओकली. तुळजाबाई रोज सकाळी खोलीच्या उंबऱ्यावर उभ्या राहून विचारायच्या, "काय झालं का?" विचारण्यात काळजी नव्हती. लॉटरीचा निकाल विचारावा तसं ते विचारणं होतं.

दोन घरी ठेवण्याचं जमलं नाही. शालू म्हणाली, मी मुक्ताला घेऊन सासवडला आईकडं जाते. "आन बजरंगला दूध कोण पाजणार, मी?" तुळजाबाईंनी एका वाक्यात विषय मिटवला. मग शालूनं संपतला डायपरचे मोठे पुडे आणायला लावले. दुसऱ्या दिवशी पाहते तर पुडे बजरंगच्या कपाटात.

"आत्या, ते मुक्ताचे हायत," शालू सासूला म्हणाली.

"पोरीला कशाला गं डायपर? घटकाभरात लंगोट वाळतोय. पोराची कातडी नाजूक असती."

शालूनं एकदा सांगितलं, दोनदा सांगितलं. डॉक्टरांचा कागद दाखवला. तुळजाबाईंनी तो फ्रिजवर चुंबकाखाली लावून ठेवला, आदरानं. आणि मुक्ताचे लंगोट त्याच मोरीत, त्याच बादलीत धुतले जात राहिले, जिथं बजरंगला अंघोळ घालायचे. शालू मोजे घालायची, पण दोन लेकरं, भांडी, स्वैपाक आणि पाहुणे सांभाळताना किती वेळा घालणार? दहा वेळा घातले आणि अकराव्या वेळी बजरंग ठसकला म्हणून तशीच धावली.

सातव्या आठवड्यात मुक्तानं मान धरली! पालथं पडून तिनं डोकं उचललं आणि इकडंतिकडं पाहिलं. शालू जमिनीवर बसून हुंदके देऊन रडली. तुळजाबाईंनी पाहिलं, आणि पहिल्यांदाच मुक्ताच्या गालाला हात लावला. "गुण हाय औषधाला," त्या म्हणाल्या. "संपत, गाडी काढ. आपल्या बजरंगला न्यायचं."

बजरंगला नवं झबलं घातलं, तीट लावली. देवापुढं नारळ ठेवून मंडळी निघाली. पेंडसेबाईंनी रक्त घेतलं. चार दिवसांनी त्यांनी फक्त संपत आणि शालूला आत बोलावलं.

"त्याच्या रक्तात त्या विषाणूला ओळखणारी प्रतिपिंडं आहेत. भरपूर. पहिल्या तपासणीत नव्हती. मला औषध देता येणार नाही."

संपतला काही कळेचना. "मॅडम, पण आता आम्ही तयार आहोत."

"तुम्ही आहात हो. त्याचं शरीर नाही." बाईंचा आवाज जरा खाली आला. "असा विषाणू बाहेरूनही लागू शकतो, मी छातीठोकपणे सांगू शकत नाही. पण घरात मुलीचे डायपर वापरत होता ना?"

शालूनं खाली पाहिलं. लंगोट, मोरी, बादली, सगळं तिनं सांगितलं. बाईंनी ते फाइलमध्ये लिहून घेतलं. मग म्हणाल्या, "दोन महिन्यांनी पुन्हा तपासू. उतरली तर बघू."

गाडीत बसण्याआधी संपत हळूच म्हणाला, "आईला हे बादलीचं सांगू नकोस. ती मरेल." शालूनं नाही सांगितलं. घरात एवढंच कळलं की बजरंगच्या रक्तात दोष निघाला.

दोन महिन्यांनी तपासलं, उतरली नव्हती. तोवर बजरंगला गिळता येईना. नाकातून नळी आली, घरात श्वासाचं यंत्र आलं. एकाच खोलीत एक लेकरू बसायला शिकत होतं आणि दुसरं श्वास घ्यायला विसरत होतं. तुळजाबाई बजरंगच्या उशाशी बसून राहायच्या, त्याचे थंड पाय चोळायच्या. त्यांचा जीव त्याच्यात खरोखरच होता, त्यात खोट नव्हती. आणि मुक्ता खिदळली की त्या किंचाळायच्या, "गप बस, अवदसे! भावाचं बळ वढून घेतलंस, अजून हसतीस?" शालू मुक्ताला उचलून आत न्यायची. उत्तर तिच्या जिभेवर असायचं. ती ते गिळायची.

अकराव्या महिन्यात, भर दुपारी, न्यूमोनियानं बजरंग गेला.

एवढ्या लेकराचं दहावं-तेरावं नसतं, पण माणसं भेटायला यायची थोडीच थांबतात? पाचव्या दिवशी हॉल भावकीनं भरला. बायका तुळजाबाईंना धरून रडत होत्या. मुक्ता कोपऱ्यात सतरंजीवर एकटी बसली होती. तिला कुणी घेत नव्हतं. एक चुलत सासू डोळे पुसत म्हणाली, "पोरगी राह्यली आन पोरगा नेला. देवाचा उलटाच न्याय!"

"देवाचा कशाला?" तुळजाबाई हातानं दाखवत म्हणाल्या. "तीच बसलीया बघा, भावाला खाऊन."

हिंदुरावांनी घसा साफ केला. "झालं ते झालं. शालूचं वय हाय अजून. औंदा पुन्हा होऊ द्या. ह्याच रोगाचं निघालं, तरी आता भ्या न्हाई. औषध चालतंय हे कळलंय आपल्याला. पोरीवर बघितलंय."

भावकीतल्या दोघांनी माना हलवल्या. 

शालू स्वैपाकघराच्या दारात उभी होती. तळपायाची आग मस्तकात गेली म्हणतात, ती कशी असते हे तिला तेव्हा कळलं. ती आली, मुक्ताला उचललं आणि सगळ्यांच्या मधोमध उभी राहिली.

"मला पुन्हा लेकरू नको, मामा. ह्या घरात करून बघायला मी आता एकबी पोर देणार न्हाई."

"शालू!" संपत उठला.

"बसा तुम्ही. पोरीनं भावाला खाल्लं म्हणताय ना, आत्या? मग ऐका. औषधातला विषाणू मुक्ताच्या लंगोटातनं बजरंगला गेला असणार, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या. त्याच मोरीतनं, त्याच बादलीतनं. म्हणून त्याला औषध देता आलं न्हाई. मुक्ताचे डायपर तुम्ही त्याच्या कपाटात ठेवलेत. ह्यांनी एकाच कागदावर सही केली. मीबी केली. पोराला जपू, पोरीचं बघू, असं माझ्याबी मनात आलं होतं. आपण सगळ्यांनी मिळून मारला त्याला. हिनं न्हाई."

 सोजरबाईंनी आपल्या मांडीवरच्या नातीला उगाचच जवळ ओढलं. तुळजाबाईंचा चेहरा पांढरा पडला होता. आपण काय बोलून बसलो हे शालूला कळत होतं. म्हातारीला आता उरलेल्या आयुष्यात झोप लागणार नव्हती. तरी शब्द मागं घ्यावेत असं तिला वाटलं नाही.

तुळजाबाई म्हणाल्या, "मग हे मला तवाच का न्हाई सांगितलं गं कुणी?"

"सांगितलं होतं, आत्या," शालू म्हणाली. "डॉक्टरीणबाईंनी तुमच्यापुढं सांगितलं, दोघांना एकाच दिवशी द्या. पोरीला डायपर घाला म्हणून कागदावर लिहूनबी दिलं. पोरीचं हाय म्हणून आपण कुणी ऐकलंच न्हाई."