खडकापाशी डावीकडे

"पाहुण्यासारखं यायचंस, आई. कुणी वाट दाखवणार नाही, कुणी हाक मारणार नाही," मुलगी बुटाची नाडी आवळत म्हणाली.

"नियम मला शिकवतेस? तू रांगत होतीस तेव्हा केलाय तो मी," मुकादमबाई म्हणाल्या आणि चहाचा कप जरा जास्तच जोरात ओट्यावर ठेवला.

डोंगरातल्या पायवाटा पाडणाऱ्या टोळीची मुकादमकी त्यांनी उभं आयुष्य केली होती. गुडघा बदलला आणि टोळी मुलीच्या हाती गेली. पण लोकांच्या जिभेची सवय काही बदलली नाही. मुकादम म्हटलं की अजूनही त्याच, आणि मुलगी आपली मुकादमबाईंची मुलगी. पहार, कुदळी, रंगाचे डबे ठेवायच्या शेडमध्ये मुकादमबाईंची हॅट अजून खुंटीवर होती आणि ती काढायची हिंमत कुणी केली नव्हती. त्यांनी स्वतःही नाही.

नियम साधा होता. नवी वाट तयार झाली की ती कधीही न पाहिलेल्या माणसानं एकट्यानं वरून खाली उतरायची. वरून खाली अशासाठी, की रंगवणारा खालून वर चढत खुणा रंगवत जातो आणि उतरणाऱ्याला त्या दिसतात की नाही हे बघायचं विसरतो. या धंद्यात नवखे हमखास तिथेच माती खातात. उतरणारा चुकला तर वाट नापास. दोष वाटेचा, माणसाचा नाही, यावर मुकादमबाईंनी कधी कुणाचं ऐकून घेतलं नव्हतं. वाट पास झाली तर पुलाजवळच्या दगडावर मुद्दाम सोडलेली शेवटची खूण त्या माणसानं स्वतः रंगवायची.

या वेळी सगळ्या खोऱ्यानं दगड वाहिले होते. वाट न पाहिलेल्या एकट्या मुकादमबाईच उरल्या, कारण त्या गुडघा धरून घरात पडून होत्या.

नवरा त्यांना जीपमधून खिंडीपर्यंत सोडायला निघाला. जन्मभर बस चालवलेला माणूस, त्याला वळणांचं काही वाटत नसे.

"तोंड असं काय केलंयस? पोरीची परीक्षा आहे, तुझी नाही," तो म्हणाला.

"नापास झाली तर तिची मुकादमकी गेली, ठाऊक आहे ना? टोळीत दोघंतिघं टपून बसलेत."

"मग पास कर."

"अहो, मी काय देवळातली मूर्ती आहे, आशीर्वाद द्यायला? वाट असेल तशी सांगणार."

तो हसला आणि गिअर बदलला. पण मुकादमबाईंच्या मनात वेगळंच सलत होतं. त्यांची स्वतःची वाट नदीकाठानं जात असे, सरळ, नाकासमोर. दूरदूरचे लोक तिच्यासाठी यायचे. गेल्या पुरात नदीनं काठासकट ती गिळली आणि तिच्या जागी मुलीनं ही उतारावरून, वळणं घेत येणारी वाट काढली. वळणं म्हणजे दम नसलेल्यांचे लाड, असं मुकादमबाईंचं मत होतं. नव्या वाटेत एखादी तरी खोट सापडावी असं त्यांना आतून वाटत होतं, आणि तसं वाटतंय याची लाजही वाटत होती.

खिंडीतून त्या एकट्या निघाल्या. पहिल्या वळणावर त्यांनी काठीनं पायरीचा दगड ठोकून पाहिला. हलला नाही. पाणी वाटेवर साचू नये म्हणून तिरके दगड बसवले होते, ते जिथे हवे तिथेच होते. एकही पायरी वीतभराहून उंच नव्हती. खुणा उतरणाऱ्याच्या डोळ्यासमोर, दाट झाडीतही ठळक. मुकादमबाईंनी नाक मुरडायची तयारी ठेवली होती, पण मुरडायला काही मिळेना. गुडघासुद्धा तक्रार करीत नव्हता. लाडच करायचे तर असे करावेत, असं त्यांना वाटून गेलं आणि त्यांनी तो विचार झटकून टाकला.

मग वाट एका मोठ्या, शेवाळलेल्या खडकापाशी आली. डावीकडून नदीचा आवाज आला. मुकादमबाईंचे पाय थांबले नाहीत, त्यांनी डोक्याला विचारलंही नाही. झुडपांमधल्या फटीतून त्या डावीकडे वळल्या आणि आवाजाच्या दिशेनं उतरू लागल्या. आयुष्यभर त्या अशाच उतरल्या होत्या.

थोडं गेल्यावर त्यांच्या लक्षात आलं, की बराच वेळ खूण दिसली नाही.

"चुकले!" त्या मोठ्यानं म्हणाल्या, आणि खरं सांगायचं तर त्यांना आनंद झाला. सापडली खोट! त्यांनी मागे वळून वर पाहिलं. खडकावर खूण होती. उजवीकडे वळा, असं सांगणारी, ताटाएवढी. आंधळ्यालाही दिसली असती. त्यांनी ती पाहिलीच नव्हती, कारण पाहायची गरज वाटली नव्हती.

आनंद जागच्या जागी विरला. त्या आणखी चार पावलं उतरल्या आणि थबकल्या. समोर त्यांची जुनी वाट होती. त्यांनी स्वतः रचलेल्या तीन पायऱ्या, आणि पुढे काहीच नाही. खाली नदी.

पण त्यांच्या आणि त्या पोकळीच्या मध्ये एक भिंत होती. कंबरभर उंच, चुनामातीशिवाय रचलेली, मोठे दगड तळाला, फटीत चिपा ठोकलेल्या. भिंत कशी रचायची हे त्यांनी मुलीला ज्या हातानं शिकवलं, तोच हात त्यांनी त्या दगडांवरून फिरवला. भिंतीवर ताजी खूण होती, वरून येणाऱ्याकडे तोंड केलेली. तिथून एक अरुंद पायवाट उजवीकडे चढत पुन्हा मोठ्या वाटेला मिळत होती. आणि भिंतीला लागून एक सपाट दगड होता, बदललेल्या गुडघ्यानं बसून सहज उठता येईल अशा उंचीचा.

मुकादमबाई त्यावर बसल्या. आपण नेमक्या इथेच चुकणार हे पोरीनं आधीच ओळखलं होतं. चुकणाऱ्याचा विचार मुकादमबाईंनी कधी केला नव्हता. त्यांनी चुकू नये अशा वाटा केल्या. मुलीनं चुकलेल्याला परत आणणारी वाट केली. त्यांचा ऊर असा भरून आला की त्यांनी डोळे पुसले आणि आजूबाजूला कुणी नाही ना, तेही बघून घेतलं.

कुणी नव्हतं. म्हणजे सांगायचीही गरज नव्हती. खाली जाऊन 'पास' म्हटलं की झालं. पोरीची मुकादमकी राहिली, आणि मुकादमबाई डोंगरात कधी चुकल्या नाहीत हे नावही. मात्र मग ही भिंत कशासाठी आहे, हे कुणालाच कळलं नसतं.

पुलापाशी सगळी टोळी उभी होती. मुलीचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"चुकलात का कुठे?" टोळीतल्या सगळ्यात जुन्या पहारवाल्यानं विचारलं. हा प्रश्न विचारायचा मान त्याचा.

"चुकले," मुकादमबाई म्हणाल्या. "खडकापाशी. डावीकडे गेले."

मग पहारवाला चाचरत म्हणाला, "मग... तुमच्याच नियमानं वाट नापास झाली की."

"माझ्या पद्धतीची वाट असती, तर चुकल्यावर मी आत्ता नदीत असते. खूण ताटाएवढी होती. मीच नाही पाहिली. मी चुकणार, कुठे चुकणार आणि तिथे दमून बसणारही, हे सगळं हिनं दगडात रचून ठेवलंय. असली वाट मला जन्मात जमली नाही. पास!"

"तुला चुकले म्हणायची गरज नव्हती, आई," मुलगी हळूच म्हणाली.

"होती. ती भिंत बघायला जा म्हणावं सगळ्यांना. आणि तो दगड बोटभर उंच झालाय."

"मुळीच नाही. मी खुर्ची मोजून बसवलाय, तुझी."

मुकादमबाईंनी ब्रश बुडवला आणि पुलाजवळच्या दगडावर शेवटची खूण रंगवली. कड जरा वाकडी गेली. त्यांनी ती तशीच ठेवली.

"मुकादम, ब्रश धुवून ठेवू का?" पहारवाल्यानं नेहमीप्रमाणे विचारलं.

मुकादमबाई नदीकडे बघत राहिल्या. त्यानं पुन्हा विचारलं, तेव्हा त्यांनी मुलीला कोपरानं ढोसलं.

"अगं, लक्ष कुठे आहे? तुला विचारतोय तो."