झोपलेल्या भोंग्याला उठवणारी बाई

सासूबाईंची अट सरळ होती. अडीच तासांच्या विमानप्रवासात दोन्ही पोरं मी एकटीनं सांभाळायची. बाळ एकदा जरी दुसऱ्याच्या हातात द्यावं लागलं, तर ते परत आजीकडे जाणार आणि वर्षभर तिथेच राहणार. नवरा जहाजावर स्वयंपाकी, पुढचे पाच महिने समुद्रावर. मला नव्या शहरातल्या मोठ्या रुग्णालयात नोकरी लागलेली. "नोकरी आणि दोन पोरं, हे एकटीला झेपायचं नाही," असं त्यांचं म्हणणं. मी रागाच्या भरात "बघाच तुम्ही" म्हणून बसले. माझं असंच आहे, तोंड आधी धावतं आणि डोकं मागून धापा टाकत येतं.

निकाल द्यायला सोबत वन्सं आल्या होत्या. माझी मोठी नणंद, शाळेत मुख्याध्यापिका. माझ्या मागच्याच रांगेत ताठ बसलेल्या. त्यांनी नुसतं बघितलं तरी अख्खा वर्ग चिडीचूप होतो, पण माझ्या आठ महिन्यांच्या लेकावर त्या नजरेचा काडीचा परिणाम होत नाही. त्याला घरात सगळे भोंगा म्हणतात. का म्हणतात, ते विमान हवेत गेल्यावर सगळ्या प्रवाशांना समजलं.

सुरुवात बरी झाली. विमान चढत असताना भोंग्यानं शहाण्यासारखं दूध प्यायलं. मग माझी पाच वर्षांची लेक म्हणाली, "आई, शू." आता बाळाला कुठे ठेवू? कपाटाएवढ्या त्या संडासात आम्ही तिघंही शिरलो. भोंगा कडेवर, लेक माझ्या गुडघ्यांना चिकटलेली, दार माझ्या पाठीला. भोंग्याच्या हाताला नळ लागला आणि माझी बाही कोपरापर्यंत भिजली. पाणी सोडल्यावर जो धडाम आवाज झाला, त्याला भोंग्यानं त्याच्या पट्टीत उत्तर दिलं.

बाहेर आलो तर वन्सं समोर उभ्या. "घेऊ का?"

"नको," मी म्हटलं. नाकातून, गोड.

त्यानंतर तो पन्नास मिनिटं रडला. मी गायले, खिडकी दाखवली, चमच्यानं टेबल वाजवलं, मधल्या वाटेत येरझारा घातल्या. दुसरी बाटली तेवढी काढली नाही, ती मला शेवटासाठी हवी होती. शेजारच्या गृहस्थांनी कानात कापूस घातला, मग त्यावरून मफलर गुंडाळला. लेक त्यांना समजावत होती, "काका, तो वाईट नाहीये, फक्त मोठा आवाज आहे त्याचा." माझे हात खांद्यातून निखळायला आले होते. एकदा मनात आलंच, द्यावा वन्संकडे आणि मोकळं व्हावं. ते मनात आलं याची मला अजून लाज वाटते.

आणि मग तो झोपला. एकदम, तोंड उघडं टाकून. पुढच्या चार रांगांनी सुटकेचा निःश्वास टाकला. गृहस्थांनी मफलर सोडला आणि माझ्याकडे बघून हात जोडले.

दहा मिनिटंही झाली नसतील. इंजिनाचा आवाज बदलला.

मी कान तपासते. आठ वर्षं हेच काम करतेय. बंद खोलीत माणसाला बसवायचं, बारीक बारीक आवाज ऐकवायचे, कुठला पोचतो आणि कुठला नाही ते टिपायचं. त्यामुळे सतत चालणारा आवाज जरा जरी खाली आला तरी माझी मान वळते. तो खाली आला होता. माझ्याच कानांना दडे बसायला लागले. विमान उतरणीला लागलं होतं आणि अजून कुणी काही सांगितलं नव्हतं. झोपलेलं बाळ फारसं गिळत नाही, आणि गिळलं नाही तर उतरताना कानाचा पडदा ताणला जातो. मग ते कळवळून उठतं.

मी बाटली काढली आणि भोंग्याच्या तळपायाला गुदगुल्या करायला लागले.

"अहो," गृहस्थ घाबरून म्हणाले, "झोपलंय ना ते?"

"म्हणूनच उठवतेय."

पलीकडच्या बाई म्हणाल्या, "ही कसली आई?" मागून वन्सं उठल्याच. त्यांनी दोन्ही हात पुढे केले. "वेड लागलंय का तुला? दमलीयस तू. दे इकडे त्याला."

भोंग्यानं डोळे उघडले, ओठ काढला. आत्ता हा रडला आणि वन्संनी उचलला, की पोर गेलं. पण मी रुग्णाशी बोलते त्या आवाजात म्हटलं, "वन्सं, जागेवर बसा. विमान उतरायला लागलंय. ही गोळी चघळा आणि गिळत राहा."

आयुष्यात पहिल्यांदा वन्सं कुणीतरी सांगितलं म्हणून बसल्या. मी बाटली भोंग्याच्या तोंडात दिली. त्यानं एकदा माझ्याकडे रागानं बघितलं आणि प्यायला लागला. लेकीला मी गोळी आधीच दिली होती.

मिनिटभरानं घोषणा झाली, पट्टे बांधा. आणखी थोड्या वेळानं विमानातली झोपलेली बाळं एकेक करून किंचाळत उठली. पुढच्या रांगेतली एक पोरसवदा आई रडवेली होऊन बाळाला नुसतं थोपटत होती. मी वाकून म्हटलं, "थोपटू नकोस, पाज त्याला. सरळ धर आणि पाज." तिनं पाजलं, बाळ शांत झालं. तिच्या पुढच्या बाईनं वळून विचारलं, "माझं पाणी पितं, चालेल?" चालेल म्हटलं. 'ही कसली आई'वाल्या बाईंनी माझ्याकडे हळूच गोळी मागितली. दिली. दोन दिल्या. मला इतका आनंद झाला होता की विचारू नका.

विमान टेकलं. भोंगा ढेकर देऊन हसला. मागे वन्संनी पट्टा सोडायच्या आधी सासूबाईंना फोन लावला. मी सामान काढायचं सोडून कान टवकारले.

"हो, उतरलो. नाही, उतरताना तो नाही रडला. माझे कान दुखायला लागले होते, हिनं गोळी दिली म्हणून वाचले." मग बराच वेळ पलीकडून बोलणं. वन्सं ऐकत होत्या, त्यांची नजर माझ्या भिजून वाळलेल्या बाहीवर होती. शेवटी त्या म्हणाल्या, "आई, मी परवा येतेय. एकटी."